क्रेडिट कार्ड घेताना आणि बंद करताना सिबिलचं नेमकं काय होतं?

मे २०२५ मध्ये मुंबईत राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक झाली. तिथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, की पीककर्ज देताना शेतकऱ्याकडे सिबिल मागू नका. पुढच्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल गाजला. कर्जफेडीचा इतिहास वाईट आहे म्हणून एका सरकारी बँकेने उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती, आणि न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तेव्हापासून 'सिबिल' हा शब्द बँकेच्या काउंटरवरून थेट घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत आला. त्याबरोबर एक प्रश्नही आला, आणि तो सगळ्यात जास्त विचारला जातो तो गृहकर्जाच्या तोंडावर: "माझ्याकडे चार क्रेडिट कार्डं आहेत. दोन बंद करून टाकली तर स्कोअर सुधारेल ना?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं असतं. उलट थोडा घसरण्याची शक्यता जास्त. पण तेवढं सांगून भागत नाही. कार्ड बंद केल्याने होणारी घसरण किरकोळ असते आणि भरून निघते. अर्धवट बंद केलेलं कार्ड मात्र वर्षानुवर्षं छळतं. या दोन्ही गोष्टी कशा होतात ते नीट बघू.

## सिबिल म्हणजे उधारीची वही

गावातल्या वाण्याकडे उधारीची वही असते. कोणी किती नेलं, कधी फेडलं, कोणी दोन महिने तोंड दाखवलं नाही, सगळं त्यात असतं. नव्या दुकानदाराने उधार द्यायच्या आधी जुन्या दुकानदाराला विचारलं, "हा माणूस कसा आहे?", तर जे उत्तर मिळेल त्यालाच आकड्यात बसवलं की झाला क्रेडिट स्कोअर. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असला की बँका सहसा निर्धास्त असतात.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. २००० साली ती सुरू झाली, आज ती ट्रान्सयुनियन सिबिल म्हणून ओळखली जाते. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो तसंच हे झालं. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. चौघींवर २००५ चा कायदा आणि रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. चौघींची मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाच माणसाचा स्कोअर एकीकडे ७६१ आणि दुसरीकडे ७८८ दिसला तर त्यात गोंधळ काही नाही.

या वहीत फक्त उधारी असते, हे मनात पक्कं ठेवा. पगार, खात्यातली शिल्लक, एफडी, सातबारा, कपाटातलं सोनं यांतलं काहीच स्कोअर काढताना धरत नाहीत. डेबिट कार्ड आणि यूपीआयने कितीही व्यवहार केले तरी ते तुमचेच पैसे, म्हणून त्यांचीही नोंद नाही.

## मोजतात ते काय?

चार गोष्टी. वेळेवर फेडता का, मिळालेल्या लिमिटपैकी किती वापरता, उधारीचा व्यवहार किती जुना आणि कशाकशाचा आहे, आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागत फिरलात. कशाला किती वजन, हे या कंपन्या गुणिले-भागिले करून जाहीर करत नाहीत. समाजमाध्यमांवर फिरणारे ३५ टक्के, ३० टक्के, १५ टक्के हे आकडे अमेरिकेतल्या फायको स्कोअरचे आहेत. ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. क्रम मात्र साधारण असा असतो: वेळेवर फेडणं सगळ्यात वर, त्याखालोखाल लिमिटचा वापर, बाकीचं नंतर.

कार्ड घेतल्याने किंवा बंद केल्याने पहिल्या गोष्टीला थेट धक्का बसत नाही. हलतात त्या बाकीच्या तीन.

## नवं कार्ड घेतलं की काय होतं?

तुम्ही अर्ज केला की बँक तुमच्या पॅनवरून रिपोर्ट मागवते. याला इन्क्वायरी म्हणतात. तारीख, बँकेचं नाव आणि कशासाठी मागवला, हे तिन्ही रिपोर्टात दिसतं. एका इन्क्वायरीने स्कोअर थोडासाच उतरतो आणि काही महिन्यांत त्याचा असर ओसरतो. त्रास होतो तो महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज टाकल्यावर. पाच दुकानदारांकडे एकाच आठवड्यात उधार मागणाऱ्या माणसाबद्दल सहावा दुकानदार काय समजेल? तेच इथे होतं.

अर्ज नाकारला गेला, तर 'नाकारला' अशी नोंद रिपोर्टात होत नाही. पण इन्क्वायरी दिसते आणि तिच्यापुढे खातं दिसत नाही. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. त्यामुळे नकार आला तर लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. आधी रिपोर्ट काढा, कारण शोधा आणि सहा महिने थांबा.

रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेले प्रतिनिधी 'फक्त पॅन सांगा, पात्रता बघतो' म्हणतात. त्यातून खरी इन्क्वायरी पडू शकते. पॅन आणि ओटीपी दिला म्हणजे परवानगी दिली. तुमचा रिपोर्ट कोणी मागवला की क्रेडिट कंपनीकडून (म्हणजे सिबिलसारख्या चौघींपैकी एकीकडून) एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, तशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. हे मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

कार्ड घरी आलं आणि मन बदललं तर? इथे रिझर्व्ह बँकेचे निर्देश तुमच्या बाजूने आहेत. कार्ड सुरू करण्यापूर्वी बँक त्या खात्याची माहिती क्रेडिट कंपनीला कळवू शकत नाही. कार्ड देऊन ३० दिवस झाले तरी तुम्ही ते सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपी पाठवून तुमची संमती विचारायची. तुम्ही ती दिली नाहीत, तर संमती मागितल्यापासून सात कामाच्या दिवसांत खातं फुकटात बंद करायचं. म्हणजे नको असलेल्या कार्डाचा ओटीपी कोणालाही, अगदी 'कार्ड रद्द करायला लागतो' म्हणणाऱ्यालाही, देऊ नका.

नव्या कार्डाची चांगली बाजूही आहे. एकूण लिमिट वाढतं, आणि खर्च तेवढाच राहिला तर वापराचं प्रमाण खाली येतं. वेळेवर भरत राहिलात तर सहा महिने ते वर्षभरात नवं कार्ड स्कोअरला मदतच करतं.

## बंद केलं की काय होतं? टाकीचं गणित

गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एकीकडून दुसरीकडे पाणी जातं, दोन्ही मिळून पाव भरलेल्या आहेत. एक टाकी काढून टाकली आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर उरलेली टाकी अर्धी भरलेली दिसेल. पाणी वाढलं नाही, टाकी घटली.

आता आकडे. तीन कार्डं आहेत. लिमिट ५०,००० रुपये, १,५०,००० रुपये आणि २,००,००० रुपये, एकूण ४,००,०००. महिन्याला सगळ्यांवर मिळून ८०,००० रुपये खर्च होतो. प्रमाण २० टक्के, उत्तम. 'एवढं मोठं लिमिट कशाला' म्हणून दोन लाखांचं कार्ड बंद केलं. खर्च तोच ८०,०००, लिमिट उरलं २,००,०००. प्रमाण ४० टक्के. तुम्ही एक रुपयाही जास्त उधार घेतला नाही, तरी वहीत तुम्ही दुप्पट ताणलेले दिसता. ३० टक्क्यांच्या आत राहावं, असा एक ढोबळ आडाखा सगळे सांगतात. तो नियम नाही, पण धरून चालायला बरा.

त्याच घरात ५०,००० चं कार्ड बंद केलं असतं तर? ८०,००० भागिले ३,५०,०००, म्हणजे साधारण २३ टक्के. जवळपास काहीच फरक नाही. म्हणून 'किती कार्डं बंद करू' यापेक्षा 'कुठलं बंद करू' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

एक बारकावा: एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर लिमिट बहुधा सामायिक असतं. दोन्ही मिळून दोन लाख. त्यातलं एक बंद केलं तर बरेचदा पूर्ण लिमिट दुसऱ्यावर तसंच राहतं. बंद करण्यापूर्वी बँकेला एवढं एक जरूर विचारा: "दुसऱ्या कार्डाचं लिमिट किती राहील?"

## कार्डाचं वय

भिशीत दहा वर्षं न चुकता पैसे भरणाऱ्या बाईला पहिला नंबर द्यायला कोणी का-कू करत नाही. मागच्या महिन्यात आलेल्या बाईने कितीही पैसे दाखवले, तरी मनात थोडी धाकधूक असते. कार्डाच्या वयाचं महत्त्व एवढंच.

तुमची तीन कार्डं १२, ५ आणि १ वर्षाची असतील, तर सरासरी ६ वर्षं. चौथं कोरं कार्ड घेतलं की सरासरी साडेचार. बंद करताना मात्र लोक समजतात तसं होत नाही. १२ वर्षांचं कार्ड बंद केलं म्हणून १२ वर्षांचा इतिहास त्याच दिवशी पुसला जात नाही. क्रेडिट कंपन्या माहिती किमान सात वर्षं जपून ठेवतात, त्यामुळे बंद खातं 'बंद' असं लिहून रिपोर्टात दिसत राहतं. नव्या नोंदी तेवढ्या थांबतात. बाकी कुठलंच कर्ज चालू नसेल तर ही गोष्ट महत्त्वाची, कारण काही काळाने वहीत ताजं असं काहीच उरत नाही.

याचीच दुसरी बाजू: वाईट इतिहासही कार्ड बंद केल्याने जात नाही. दर महिन्याला किती दिवस उशीर झाला, याच्या नोंदी रिपोर्टात साधारण तीन वर्षांच्या चौकटीत दिसतात.

## मग कुठलं ठेवायचं, कुठलं बंद करायचं?

बंद करायला योग्य कार्ड म्हणजे: वार्षिक फी आहे पण त्या मानाने फायदा नाही, लिमिट लहान, वय कमी, आणि वापर नसल्यासारखा. किंवा ज्याने तुमचा खर्च हाताबाहेर जातो असं कुठलंही कार्ड. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. कार्डामुळे दर महिन्याला थकबाकी उरत असेल, तर स्कोअरचे दहा-वीस गुण जपत बसू नका. ३०,००० रुपये थकले आणि व्याज महिना ३.५ टक्के असेल, तर १,०५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२३९ रुपये दरमहा निव्वळ बुडीत. तेवढ्या पैशांत बऱ्याच घरांचं महिन्याचं दूध येतं.

ठेवायला योग्य म्हणजे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठ्या लिमिटचं कार्ड, विशेषतः आजीव मोफत असेल तर. पण नुसतं कपाटात ठेवून चालत नाही. वर्षभराहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही, तर बँकेने तुम्हाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. ३० दिवसांत तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर खातं बंद. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा महावितरणचं बिल किंवा मोबाइलचं रिचार्ज त्या कार्डाने करा आणि ते पैसे ऑटो-पेला लावून टाका.

फीमुळे बंद करायचं असेल तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: फी माफ होईल का, आणि हेच खातं ठेवून मोफत प्रकारच्या कार्डात बदलून मिळेल का. बंद करतो म्हटल्यावर अनेकदा फी माफ होते. प्रकार बदलताना खातं तेच राहतं की नवं उघडतं, हेही विचारा. नवं उघडत असेल तर ते नव्या कार्डासारखंच.

आणि वेळ. गृहकर्ज किंवा मोठं वाहनकर्ज पुढच्या सहा महिन्यांत घ्यायचं असेल तर कार्ड घेऊही नका, बंदही करू नका. काही बँका गृहकर्जाचा व्याजदरच स्कोअरच्या टप्प्यांवर ठरवतात. वीस वर्षांच्या कर्जात पाव टक्का म्हणजे लाखाच्या घरातली रक्कम होऊ शकते. कर्जाची रक्कम हातात पडली, की मग कार्डांची आवराआवर खुशाल करा.

## बंद करण्याची रीत, आणि ती कुठे फसते

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लोकांचं खरं नुकसान इथे होतं. कार्ड कात्रीने कापणं म्हणजे बंद करणं नाही. खातं चालूच राहतं.

एक नेहमीचं उदाहरण. मागच्या महिन्याची थकबाकी धरून पाच तारखेला ४१,२०० रुपयांचं बिल आलं. वीस तारखेला पूर्ण भरलं. माणसाला वाटतं, खातं शून्य. पण थकबाकी पुढे ओढली असली की बिनव्याजी मुदत राहत नाही. पाच ते वीस या पंधरा दिवसांचं व्याज महिना ३.५ टक्क्याने साधारण ७११ रुपये होतं. वर जीएसटी १२८. हे ८३९ रुपये पुढच्या बिलात येतात. आपण ॲप काढून टाकलेलं असतं, बिल जुन्या ईमेलवर जातं. बँकेने बंद करण्याची विनंती 'बाकी आहे' म्हणून नाकारलेली असते. मग विलंब शुल्क, त्यावर व्याज, आणि रिपोर्टात उशिराचे दिवस चढू लागतात.

सिबिलच्या रिपोर्टात हे दिवस महिनावार चौकोनांत दिसतात. वेळेवर भरलं की ०००, ३२ दिवस उशीर झाला की ०३२, मग ०६२, ०९३. तो रकाना दिवसांचा आहे, रुपयांचा नाही. ८३९ रुपयांसाठीचे ०९३ आणि ८३,००० साठीचे ०९३ त्या चौकोनात सारखेच दिसतात.

म्हणून या क्रमाने जा. आधी कार्डाला लावलेले सगळे ऑटो-डेबिट काढा: ओटीटी, विमा, मोबाइल, मेट्रो किंवा फास्टॅगचं रिचार्ज. कार्डावर हप्त्याने घेतलेला फोन असेल तर ते हप्ते आधी फेडा, मुदतपूर्व शुल्क किती ते विचारूनच. परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतील तर ते येऊ द्या. रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, नंतर ते गेले. आणि मग एक पूर्ण बिल-चक्र काहीही खर्च न करता जाऊ द्या. शून्य रकमेचं बिल हातात आलं, की मगच विनंती करा.

विनंती ॲप, नेट बँकिंग, हेल्पलाइन, ईमेल, बँकेच्या संकेतस्थळावरची लिंक यांपैकी कशानेही करता येते. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँक धरू शकत नाही. विनंती क्रमांक लिहून ठेवा, शक्यतो ईमेलही करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत खातं बंद व्हायला हवं. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. हे पैसे मागावे लागतात, आपोआप क्वचितच येतात. खात्यात तुमचेच पैसे जास्त जमा असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत मिळाले पाहिजेत.

बंद झाल्यावर नो ड्यूज पत्र (काहीही बाकी नाही असं बँकेचं पत्र) मागून घ्या आणि पीडीएफ जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत क्रेडिट कंपन्यांना कळवायचं असतं. म्हणून साधारण दीड महिन्याने रिपोर्ट काढा आणि तीन गोष्टी बघा: खातं बंद झाल्याची तारीख, शिल्लक शून्य, थकीत रक्कम शून्य.

एक शब्द मात्र रिपोर्टात येऊ देऊ नका: 'सेटल्ड'. वसुलीवाला म्हणतो, "८०,००० पैकी ३५,००० भरा, विषय मिटवू." विषय मिटतो, पण वहीत लिहिलं जातं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. 'बंद' आणि 'सेटल्ड' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अगदीच इलाज नसेल तेव्हाच तो मार्ग. पुढे पैसे जमले की उरलेली रक्कम भरून नोंद बदलून घ्या, आणि तसं लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

## "मी दर महिन्याला पूर्ण भरतो, तरी प्रमाण जास्त का दिसतं?"

कारण बँक तुमचा आकडा कळवते तो ठरावीक दिवसाचा. पूर्वी महिन्यातून एकदा कळवायचं असे, १ जानेवारी २०२५ पासून ते किमान दर पंधरवड्याला करण्यात आलं. त्या दिवशी कार्डावर ९०,००० रुपये दिसत असतील, तर तुम्ही ते चार दिवसांनी पूर्ण भरणार आहात हे वहीला ठाऊक नसतं. मोठी खरेदी, लग्नाचा बस्ता किंवा विमानाची तिकिटं कार्डावर घेतली असतील, तर बिलाची वाट न पाहता थोडे पैसे आधीच भरून टाका. कर्जाचा अर्ज जवळ आला असेल तेव्हा हे विशेष उपयोगी पडतं.

यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं तेव्हापासून भाजी, चहा, रिक्षा असं सगळं कार्डावर जातं आणि प्रमाण नकळत वाढतं. त्यावर लक्ष ठेवा.

## "थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो म्हणतात"

चूक. बाकी ठेवल्याने फक्त व्याज वाढतं. वापर दिसायला बिल येणं पुरेसं आहे, ते पूर्ण भरलं तरी वापर नोंदला जातोच. आणि किमान रक्कम भरत राहिलात तर उशीर लागत नाही एवढंच. प्रमाण मात्र चढत जातं.

## "एखाद दिवस उशीर झाला तर?"

देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच बँक ते थकीत म्हणून कळवू शकते आणि विलंब शुल्क लावू शकते. पण चौथ्या दिवशी मोजणी सुरू होते ती देय तारखेपासूनच. तीन दिवसांची ही सवलत अडीनडीसाठी ठेवा.

## "स्वतःचा स्कोअर सारखा बघितला तर घटतो?"

नाही. स्वतः पाहिलेला धरत नाहीत. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत द्यायचा आहे. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून काढलात, तर वर्षभर फुकटात नजर राहते.

## "मग कार्डच नको, बरं नाही का?"

नसलं तरी आयुष्य अडत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं, आणि अर्थ मंत्रालयाने ते लोकसभेतही स्पष्ट केलं आहे. तरीही कोरी वही पाहून बँक जास्त कागद मागते, हे खरं.

याचा सगळ्यात जास्त फटका घर सांभाळणाऱ्या बायकांना बसतो. नवऱ्याच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड दहा वर्षं काटेकोर वापरलं, तरी नोंद साधारणपणे मुख्य कार्डधारकाच्या नावावर जाते. तिच्या नावावर काहीच नाही. पुढे तिला स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा झाला, तर सुरुवात शून्यापासून. म्हणून तिच्या नावावर १५-२० हजारांची एफडी करून त्यावर कार्ड घ्या. बँका एफडीच्या रकमेच्या थोडं कमी लिमिट सहज देतात, पगाराची स्लिप लागत नाही. किराणा त्यावर घ्यायचा, महिन्याला पूर्ण भरायचा. वर्षभरात तिची स्वतःची वही तयार होते.

## परदेशी निघालेल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाणाऱ्यांना दोन गोष्टी उशिरा कळतात. पहिली, इथला ८०० चा स्कोअर तिथे कामाला येत नाही. तिथली वही नव्याने उघडते. दुसरी जास्त महागात पडते. इथलं कार्ड तसंच ठेवून माणूस जातो, इथला मोबाइल नंबर बंद पडतो, ओटीपी आणि बिलाचे मेसेज पोहोचत नाहीत. वार्षिक फीचे ५०० रुपये आणि जीएसटीचे ९० थकतात. चार वर्षांनी पुण्यात फ्लॅट घ्यायला कर्ज मागितलं, की ५९० रुपयांच्या बिलामुळे रिपोर्ट काळा झालेला दिसतो. निघण्यापूर्वी फीची कार्डं वरच्या क्रमाने बंद करा. एखादं मोफत कार्ड ठेवायचं असेल तर ईमेल बदला, नंबर चालू ठेवा आणि अनिवासी खात्यातून ऑटो-पे लावून जा.

## रिपोर्टात चूक दिसली तर

बंद केलेलं कार्ड चालू दिसतं, भरलेली रक्कम थकीत दिसते, कधी नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचंच कर्ज आपल्या नावावर असतं. क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून त्या नोंदीपुढे तक्रार टाका. नो ड्यूज पत्र आणि शून्य रकमेचं बिल तिथे कामाला येतात. त्याच दिवशी बँकेलाही लिहा, कारण बँकेने मान्य केल्याशिवाय कंपनी आकडा बदलत नाही.

३० दिवसांत तक्रार सुटायला हवी. त्यातले २१ दिवस बँकेचे. ३० दिवस उलटले तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार करतानाच तुमचा बँक खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी द्या, म्हणजे भरपाई कुठे पाठवायची हा प्रश्न उरत नाही. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बँकेला केलेल्या पहिल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक मात्र जवळ ठेवा. लोकपाल आधी तेच विचारतो.